रजा आणि सुट्टी : सगळ्यांनी एकदम थांबण्याचा इतिहास

विषय जाहीर झाल्यावर एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. म्हणाला, "जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलंस आणि आता कंपन्यांच्या सुट्ट्यांवर बोलणार?" हो, त्यावरच बोलणार आहे. सुरुवात मात्र घरातल्या एका गोष्टीपासून करतो.

माझी एक पुतणी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. काही वर्षांपूर्वी तिची झोप उडाली, चिडचिड वाढली. डॉक्टर म्हणाले, थोडे दिवस काम बंद ठेवा. तिने आठ दिवसांची रजा काढली आणि आम्ही सगळे दापोलीला गेलो. लॅपटॉप अर्थात बरोबर होता. समुद्रावर बसलेली असली तरी हात फोनकडे. मी म्हटलं, "अगं, रजा मंजूर झाली आहे ना तुझी?" ती म्हणाली, "काका, रजा माझी झाली आहे, काम तर सगळ्यांचं चालूच आहे. परत जाईन तेव्हा साचलेलं सगळं मलाच उपसायचं आहे." दापोलीहून ती जशी गेली होती तशीच परत आली. पुढे डिसेंबरात तिच्या अमेरिकन ग्राहकाचं ऑफिस नाताळपासून नव्या वर्षापर्यंत पूर्ण बंद राहिलं. ती कुठेही गेली नाही, घरीच होती. आणि चौथ्या-पाचव्या दिवशी म्हणाली, "काका, या आठवड्यात मला झोप लागली."

दापोलीत दिवस जास्त होते, हवाही चांगली होती, पण गुण आला तो घरी. हे का झालं, या प्रश्नाचा मी पाठलाग केला. त्यातून हे व्याख्यान तयार झालं आहे.

आपल्या भाषेत याचं निम्मं उत्तर आधीच आहे. मराठीत दोन शब्द आहेत, रजा आणि सुट्टी. बोलताना आपण त्यांची सरमिसळ करतो, पण त्यांचा स्वभाव वेगळा आहे. 'रजा' आपल्याकडे अरबी-फारसीतून आला. त्याचा मूळ अर्थ मर्जी, संमती. म्हणून रजा मागावी लागते, अर्ज करावा लागतो, ती मंजूर होते किंवा होत नाही. ती एकट्याची असते. 'सुट्टी'चं नातं सुटण्याशी आहे. शाळेला सुट्टी लागते, ती कोणी मागत नाही. ती सगळ्यांची एकदम असते, हेडमास्तरांचीही असते. रजेवर गेलेला माणूस चालत्या गाडीतून एकटाच उतरलेला असतो. सुट्टी लागते तेव्हा गाडीच थांबलेली असते.

आता अलीकडची बातमी. २०२१ मध्ये, साथीच्या दुसऱ्या वर्षी, काही मोठ्या कंपन्यांनी ठरवलं की कर्मचारी मनाने थकले आहेत, तेव्हा सगळी कंपनीच आठवडाभर बंद ठेवायची. लिंक्डइनने एप्रिलमध्ये तसं केलं, बंबल या कंपनीने जूनमध्ये, नाइकीने ऑगस्टच्या शेवटी आपल्या मुख्य कार्यालयात. आपल्याकडे बंगळूरच्या मीशोने २०२२ मध्ये दिवाळीला धरून, २२ ऑक्टोबर ते १ नोव्हेंबर, अशी अकरा दिवसांची सुट्टी कंपनीभर दिली. कारण उघड सांगितलं होतं, मानसिक आरोग्य. वर्तमानपत्रांत याचं वर्णन 'अभिनव कल्पना' असं झालं. इतिहास वाचणाऱ्या माणसाला 'अभिनव' शब्द ऐकला की जरा शंका येते. सगळ्यांनी एकदम थांबायचं, ही कल्पना खरंच नवी आहे का?

इंग्लंडपासून सुरू करू, कारण कारखान्याचं वेळापत्रक तिथे जन्मलं. कारखाने येण्याआधी आणि नंतरही बराच काळ तिथले कारागीर सोमवारी कामाला येत नसत. रविवारची उतरली नसे, हे एक कारण. पण त्याला त्यांनी गमतीने 'संत सोमवार' असं नाव दिलं होतं, जणू तो एखाद्या संताचा सणच. इतिहासकार ई. पी. थॉम्प्सन यांनी १९६७ मधल्या आपल्या प्रसिद्ध निबंधात हे सगळं मांडलं आहे. घड्याळाची शिस्त माणसांच्या अंगी बाणवायला मालकांना किती पिढ्या लागल्या, हा त्या निबंधाचा विषय. मालक दंड करत, कामावरून काढत, पण एकटा-दुकटा गैरहजर असेल तर त्याला काढता येतं. सगळेच गैरहजर असतील तर काय करणार?

लँकेशायरमधल्या कापड गिरण्यांच्या गावांत नेमकं हेच झालं. तिथे दर गावाची एक जत्रा असे, मुळात गावच्या चर्चच्या वर्धापनाची. तिला 'वेक्स' म्हणत. जत्रेत कामगार येतच नाहीत म्हटल्यावर मालकांनी हळूहळू शहाणपणाने त्या दिवसांत गिरणीच बंद ठेवायला सुरुवात केली. बॉयलर धुऊन घ्यायचे, यंत्रांची डागडुजी करायची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत या जत्रेचा आठवडा झाला. ओल्डहॅमचा आठवडा वेगळा, ब्लॅकबर्नचा वेगळा, बोल्टनचा वेगळा. गावातली गिरणी बंद, दुकानं बंद, सगळं गाव आगगाडीत बसून ब्लॅकपूलला समुद्रावर. शेजारीही तेच, गल्लीही तीच, फक्त समोर धुराड्याऐवजी समुद्र.

ही सुट्टी बिनपगारी होती, हे लक्षात ठेवा. कामगार वर्षभर थोडे थोडे पैसे साठवत आणि त्या आठवड्यात खर्च करत. पगारी सुट्टीचा कायदा ब्रिटनमध्ये १९३८ साली आला. म्हणजे माणसं पदरचे पैसे घालून एकत्र थांबत होती. एकत्र थांबण्यात त्यांना काहीतरी मिळत असलं पाहिजे.

लँकेशायरच्या गिरण्यांशी मुंबईच्या गिरण्यांची स्पर्धा होती आणि या गोष्टीचा पुढचा भाग मुंबईतच घडतो. मुंबईचा गिरणी कामगार सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत राबत असे. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून कामही मोठं. सणावाराला गिरणी बंद असे, पण आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा आला, त्यातही महिन्याला चार सुट्ट्या मिळाल्या त्या फक्त बाल कामगारांना, म्हणजे सात ते बारा वर्षांच्या मुलांना. हा कायदा व्हावा म्हणून लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचाही जोर होता आणि तो काही आपल्या मुलांच्या कळवळ्याने नव्हता. मुंबईचं कापड स्वस्त पडतं, ही त्यांची तक्रार होती.

प्रौढ कामगाराने थांबायचं कसं? तर रजा घेऊन. पण रजा कोणाकडे मागायची? साहेबाकडे त्याची पोच नसे. त्याचा साहेब म्हणजे जॉबर किंवा मुकादम, ज्याने त्याला कामावर लावलं तो. त्याची मर्जी असेल तर गावी जायला मिळणार, नसेल तर परत येईपर्यंत साच्यावर दुसरा माणूस उभा राहणार. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या चाकरमान्यांच्या पिढ्या या भीतीत जगल्या. पुढच्या काळात तर 'बदली' हा गिरणगावातला रोजचा शब्द झाला. म्हणजे रजा घेणाऱ्याच्या मनात प्रश्न असे, माझी जागा राहील ना? आणि समजा राहिली, तरी गिरणी चालूच असे. रजा या शब्दातली 'मर्जी' इथे डोळ्यांना दिसते.

या परिस्थितीत नारायण मेघाजी लोखंडे उभे राहिले. जन्म १८४८ चा, ठाण्याचा. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतले कार्यकर्ते, 'दीनबंधू' पत्राचे संपादक. स्वतः गिरणीत स्टोअरकीपरची नोकरी केलेली, त्यामुळे आतलं सगळं पाहिलेलं. १८८४ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी परळला कामगारांच्या सभा घेतल्या. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन फॅक्टरी कमिशनकडे गेलं. मागण्या फार साध्या होत्या. दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार. आणि यादीत अग्रभागी होती दर रविवारी पूर्ण विश्रांती.

सहा वर्षं गेली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजारांच्या आसपास कामगार जमले. दोन कामगार स्त्रियांनी त्या सभेत भाषणं केली. १८९० साली, दहा हजार माणसांसमोर! पुन्हा रविवारच्या सुट्टीची मागणी झाली आणि १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालक संघाने आठवड्याची सुट्टी मान्य केली. १८९१ च्या सुधारित फॅक्टरी कायद्याने ती सर्व कामगारांना मिळाली. रविवार, किंवा त्याच्या आगेमागे एखादा पूर्ण दिवस.

इथे एक दुरुस्ती करतो. आपल्याकडे असं सांगतात की भारतात रविवारची सुट्टी लोखंड्यांनी आणली. सरकारी कचेऱ्या रविवारी आधीपासूनच बंद असत. लोखंड्यांनी मिळवली ती कष्टकऱ्याची सुट्टी, आणि मला तर हे काम जास्त मोठं वाटतं. साहेबाच्या कारकुनाला जे होतं ते साच्यावरच्या माणसाला मिळालं. दुसरी गंमत पाहा. प्रौढ पुरुषाने दिवसाला जास्तीत जास्त किती तास काम करावं याला मर्यादा आली थेट १९११ च्या कायद्याने, आणि तीही बारा तासांची! म्हणजे रोजचे तास कमी होण्याच्या वीस वर्षं आधी आठवड्याची सुट्टी मिळाली. ती मागणीच लोखंड्यांनी पुढे ठेवली होती. रविवार आपल्याकडे खंडोबाचा वार. पण देवदर्शन असो, सभा असो, आजाऱ्याला भेटणं असो, त्यासाठी दुसराही मोकळा असावा लागतो. रोज अर्धा तास लवकर सुटलेला थकलेला माणूस एकटाच घरी जातो. रविवारी मात्र गिरणगाव एकमेकांना भेटू शकत होतं.

मालकांनीही हळूहळू विश्रांतीचा फायदा ओळखला, पण त्यांचं गणित निराळं होतं. पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या दारूगोळा कारखान्यांत रविवारीही काम सुरू झालं. १९१५ मध्ये तिथल्या कामगारांच्या आरोग्यासाठी एक समिती नेमली गेली. तिने पहिलंच टिपण लिहिलं ते रविवारच्या कामावर. निष्कर्ष असा की सातही दिवस काम केल्याने उत्पादन त्या प्रमाणात वाढत नाही, माणूस मात्र थकतो. तेव्हापासून विश्रांतीचं समर्थन या भाषेत होऊ लागलं. विश्रांती द्या, कारण त्याने काम चांगलं होतं. आजच्या कंपन्यांच्या पत्रकांत 'ताजेतवाने होऊन परत या' असं असतं ना, त्याचं कूळ हे. ॲरिस्टॉटल उलट सांगतो, आपण काम करतो ते फुरसत मिळावी म्हणून. या दोन वाक्यांतला फरक मी मुलांना तीस वर्षं शिकवला. पण तो मला नीट कळला तो पुतणीकडे पाहून. ती दापोलीत विश्रांती घेत नव्हती, ती दुरुस्तीला गेलेली होती.

आता एक विलक्षण प्रयोग सांगतो. सगळ्यांनी एकत्र थांबणं बंद केलं तर काय होतं? हे सोव्हिएत संघाने करून पाहिलं. १९२९ मध्ये त्यांनी रविवार रद्द केला. यंत्रं कधीच थांबू नयेत म्हणून आठवडा पाच दिवसांचा केला, चार दिवस काम आणि पाचवा दिवस सुट्टी. पण सुट्टी सगळ्यांची एका दिवशी नाही. कामगारांचे पाच गट पाडले, प्रत्येक गटाला एक रंग दिला. पिवळ्यांची सुट्टी आज, लालांची उद्या, हिरव्यांची परवा. कुठल्याही दिवशी कारखान्यात पाचातले चार हजर.

हिशेब करा. आधी सातातला एक दिवस मिळत होता, आता पाचातला एक. सुट्टी वाढली! कामगार खूष व्हायला हवे होते. पण तक्रारी सुरू झाल्या. नवरा पिवळ्यात, बायको हिरव्यात, मुलं शाळेत. घरी बसून करायचं काय? मित्र कामावर, बैठक कधी घ्यायची? सुट्टीच्या दिवशी माणूस मोकळ्या घरात बसून राही. कारखान्यांतही घोळ झाला. एकाच यंत्रावर रोज वेगळा माणूस, त्यामुळे बिघाडाची जबाबदारी कोणाचीच नाही. १९३१ मध्ये खुद्द स्टालिनने या बेजबाबदारपणावर टीका केली. मग सहा दिवसांचा आठवडा आणि सगळ्यांची एकच सुट्टी आली. १९४० मध्ये सात दिवसांचा आठवडा आणि रविवार परत आला. अकरा वर्षांत वर्तुळ पूर्ण झालं. सुट्टीचे दिवस वाढवूनही सुट्टी हरवता येते, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

या अनुभवाला आजच्या संशोधनाचाही आधार आहे. दोन अभ्यास सांगतो. स्वीडनमध्ये कायद्याने उन्हाळ्यात सलग चार आठवडे सुट्टी घेता येते आणि बराचसा देश ती एकाच सुमारास घेतो. टेरी हार्टिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ ते २००५ या काळातली नैराश्यावरच्या औषधांची महिन्यामहिन्याची आकडेवारी तपासली. एकाच वेळी जितके जास्त लोक सुट्टीवर, तितकं औषधांचं प्रमाण कमी झालेलं दिसलं. आणि माझ्यासारख्यांनी कान टवकारावेत अशी गोष्ट म्हणजे हा परिणाम निवृत्त लोकांतही दिसला. ज्यांना कामच नाही, त्यांना दुसऱ्यांच्या सुट्टीचा गुण आला. औषधं कमी घेतली म्हणजे दुःख कमी झालं, असं सरळ समीकरण मांडता येत नाही, हे खरं. पण दुसरा अभ्यास त्याच दिशेने बोट दाखवतो. क्रिस्टोबल यंग आणि चेयून लिम या समाजशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये अमेरिकेतल्या पाच लाखांवर लोकांच्या मुलाखतींच्या आधारे दाखवलं की शनिवार-रविवारी नोकरदारांची मनःस्थिती सुधारते, आणि बेकारांचीही बऱ्याच प्रमाणात सुधारते. बेकार माणसाला मंगळवारही मोकळाच असतो. पण मंगळवारी त्याला भेटायला कोणी मोकळं नसतं.

निवृत्त झाल्यावर पहिल्या वर्षी मला हाच अनुभव आला होता. सोमवारी सकाळी अकरा वाजता रिकामं असणं फार जड जातं. रविवारी अकरा वाजता तोच मी, तीच खुर्ची, आणि काही वाटत नाही.

आता कंपन्यांकडे परत येऊ. आठवडाभर सगळं बंद ठेवणारी कंपनी बरोबर करते का? माझ्या मते दिशा बरोबर आहे. मन थकलेल्या माणसाला 'तू रजा घे' म्हणणं म्हणजे ओझं त्याच्याच डोक्यावर ठेवून त्याला बाजूला बसवणं. गिरणीत निदान बदली कामगार मिळत असे. आज ऑफिसात आपली बदली आपणच, परत आल्यावर. सगळे एकदम थांबले की मेल येतच नाही, कोणी पुढे निघून जात नाही, अपराधी वाटत नाही. माझ्या पुतणीला डिसेंबरात झोप लागली त्याचं कारण एवढंच.

पण दोन प्रश्न राहतात. पहिला, 'सगळे' म्हणजे कोण? नाइकीचं मुख्य कार्यालय बंद होतं तेव्हा दुकानं आणि गोदामं चालूच होती, आणि यावर तेव्हा टीकाही झाली. कंपनीचे अभियंते सुट्टीवर असताना माल पोचवणारा मुलगा पाठीवर पिशवी घेऊन जिने चढतच असतो. तो कंपनीच्या हजेरीपटावर नसतो, म्हणून 'सगळ्यां'त मोजला जात नाही. लोखंड्यांच्या काळात कारकून आणि साचेवाला यांच्यात जी रेघ होती, ती पुसलेली नाही, फक्त सरकली आहे. रुग्णालयं, रेल्वे, वीज थांबू शकत नाहीत हे मान्य. पण बूट आठ दिवसांनी पोचले तर काय बिघडतं?

आपल्या राज्याचा कायदाही इथे पाहण्यासारखा आहे. १९४८ च्या मुंबई दुकाने कायद्यात दुकानाला आठवड्यातून एक दिवस बंद राहावं लागे. अमुक बाजार सोमवारी बंद, तमुक मंगळवारी, हे आपल्याला पाठ असे. २०१७ च्या नव्या महाराष्ट्र कायद्याने दुकान वर्षभर उघडं ठेवायला मुभा दिली. नोकराला आठवड्याची सुट्टी आहेच, पण ती पाळीपाळीने. आपण रंगांच्या चिठ्ठ्या वाटल्या नाहीत, एवढंच. गिऱ्हाईक म्हणून मलाही रविवारी संध्याकाळी दुकान उघडं हवं असतं, हे कबूल करतो. पण त्याची किंमत काउंटरमागचा माणूस कशी मोजतो, याचा विचार मी सोव्हिएत गोष्ट वाचेपर्यंत केला नव्हता.

दुसरा प्रश्न, ही सुट्टी कोणाच्या मर्जीवर? रविवार मागून, सभा घेऊन, सह्या गोळा करून मिळवलेला आहे आणि कायद्यात आहे. म्हणून १३० वर्षांनंतरही तो टिकून आहे. कंपनीचा ताजेतवाने होण्याचा आठवडा ही भेट आहे. धंदा बरा असला तर मिळेल, मंदी आली तर पत्रक निघणार नाही. म्हणजे नाव सुट्टीचं असलं तरी जातीने ती रजाच, फक्त सगळ्यांनी मिळून घेतलेली. दुसरी वाटही आहे. जर्मनीत फोक्सवॅगनमध्ये २०११ मध्ये कामगारांच्या प्रतिनिधींशी करार झाला की पाळी संपल्यावर अर्ध्या तासाने कर्मचाऱ्यांच्या फोनवर मेल पाठवणंच बंद होईल. फ्रान्सने २०१७ पासून कामाबाहेर संपर्क तोडण्याचा हक्क कायद्यात घातला. तिथे निदान हक्काची भाषा आहे.

तेव्हा तुमच्यापैकी जे कंपन्यांत आहेत, विशेषतः ज्यांच्या हातात निर्णय आहे, त्यांना एक विनंती. बंदचा आठवडा जाहीर कराल तेव्हा तारखा वर्षाच्या सुरुवातीला ठरवून करारात लिहा. ग्राहकाला आधी कळवा, म्हणजे परतल्यावर दुप्पट काम उपसावं लागणार नाही. वरचे साहेबही खरोखर थांबू द्या, कारण साहेबाचा एक मेल आला की सुट्टी मोडते. आणि ज्याला थांबवता येत नाही, त्याचं नाव यादीत लिहून त्याला दुसरा दिवस द्या, त्याच्या घरच्यांच्या सोयीचा.

पुतणीला मी हे सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "काका, मग आम्ही मागणी कोणाकडे करायची? आमच्यात तर लोखंडे कोणी नाही." मी म्हटलं, १८८४ मध्ये परळला जमलेल्यांपैकी बहुतेकांना सहीऐवजी अंगठाच उठवावा लागला असेल. तुम्हा सगळ्यांना तर सही करता येते.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.